रिकामी दिसणारी कुपी

मित्रांनो, मी प्रथिनाची पूड आहे. चिमूटभर म्हणाले तर ती फुशारकी ठरेल. चिमटीत धरायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. वर्षभर एका इवल्या कुपीत, फ्रीझरच्या थंडीत राहून मी आता बरीच जुनी झाले आहे.

माझं मूळ माणसाच्या अंगात. रोगाशी लढणाऱ्या पेशी माझ्यासारखी प्रथिनं निरोप म्हणून धाडतात. निरोप मिळाला की काही पेशी एकत्र येऊन जुनं हाड कुरतडतात आणि नव्याला जागा करून देतात. निरोप फार झाले, तर मात्र चांगली हाडंही पोखरली जातात. मी स्वतः काही कुणाच्या अंगात जन्मले नाही. मला घडवायची माणसाच्या अंगातली कृती शास्त्रज्ञांनी जिवाणूंना दिली आणि त्यांनी मला घडवलं. मग गाळणं, धुणं, गोठवून सुकवणं. एवढे सोपस्कार नवरीचेही होत नसतील.

आमच्या प्रयोगशाळेत ताई काम करते. सांधे सुजून हाडं झिजतात, त्यावरचं एक औषध ती तपासते आहे. आईची बोटं वाकडी होत गेलेली बघतच ती मोठी झाली. एका सोमवारी तिने वाढवलेल्या पेशी छोट्या बशांत तयार होत्या. माझा निरोप मिळाला की त्या हाडखाऊ होणार, आणि औषध त्यांना रोखतं का, ते ती बघणार होती. दुपारपर्यंत मी मिळाले नाही, तर तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. नवी कुपी यायला दीड महिना लागतो.

नेमकी त्याच सकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, फ्रीझर आवरायची हुक्की आली. सर मोठे विद्वान, पण स्वतः कुपी उघडून त्यांना बारा वर्षं झाली होती. त्यांनी मला उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. ती पिशवी पुढे वाफेच्या भट्टीत जाते. माझं तर धाबंच दणाणलं.

ताईने येऊन फ्रीझर उघडला.

"सर, इथली कुपी कुठं गेली?"

"ती ना? रिकामी होती. रिकाम्या कुप्यांचं काय लोणचं घालायचंय?"

"रिकामी नव्हती हो, सर. ती पूड दिसतच नाही. झाकणाला चिकटून बसते."

सरांचा चेहरा उतरला. हातमोजे चढवून ते स्वतःच पिशवीत शोधू लागले. "आणि वर्गात हे मीच शिकवतो," ते पुटपुटले.

"हो ना. मी तुमच्याकडूनच शिकले," ताई म्हणाली.

मी सापडले. ताईने कुपी पुसून आधी यंत्रात गरगर फिरवली, तेव्हा मी झाकणावरून तळाशी आले. मग तिने मला थेंबभर पाण्यात हळुवार विरघळवलं आणि छोट्या नळ्यांत वाटून ठेवलं. पुन्हा पुन्हा गोठणं-वितळणं मला सोसत नाही. एका नळीतली मी तिने लगेच पेशींच्या बशांत घातली, काही बशांत सोबत औषधही.

सहाव्या दिवशी दोघं सूक्ष्मदर्शकावर वाकली. जिथे नुसती मी होते, त्या बशीत हाडखाऊ पेशींची जत्रा. जिथे सोबत औषध होतं, तिथे मोजून चार. मला हरवणारं औषध बघून मलाच आनंद झाला. ताईने आईला फोन लावला.

"लगेच औषध मिळणार नाही गं, बरीच वर्षं लागतील. पण आई, आज चारच आहेत."

मित्रांनो, मी हे शेवटच्या नळीतून सांगते आहे. एकच मागणं आहे: एखादी वस्तू टाकण्याआधी, तिच्याशी ज्याचं काम पडतं त्याला विचारा. सर आता विचारतात. काल ताई जेवत होती, तर ते तिचं जेवण होईपर्यंत दारात थांबले, हातात एक खरोखरच रिकामी कुपी घेऊन.