वास नाही

"अहो, हुंगून तरी बघा," म्हणत बायकोने विहिरीच्या पाण्याचा तांब्या नाकवाले काकांच्या नाकाशी धरला.

काकांनी छाती भरून श्वास घेतला. "वास नाही."

"कारखान्यात नाकाने कांदे सोलता, आणि घरचं पाणी कळत नाही होय? पेट्रोलसारखं येतंय."

शेजारीणही तेच म्हणत होती. गरोदर सून तर सकाळी दोन घोट पिऊन ओकली होती. काकांनी ते हसण्यावारी नेले, पण डबा घेऊन निघताना तांब्या पुन्हा एकदा हुंगला.

पूर्वी ते तेलाच्या घाण्यावर होते. तिथे बी नुसते पिळायचे. थोडे तेल पेंडीत राहून जायचे. तेवढेही सोडायचे नाही म्हणून हा कारखाना निघाला. इथे पेंड पेट्रोलसारख्या द्रवात धुतात. तो उरलेसुरले तेल ओढून घेतो, मग वाफेने त्याला उडवून पुन्हा गोळा करतात. सगळा मात्र हाती लागत नाही. थोडा पाण्याबरोबर हौदात येतो आणि वर तरंगतो. तो काढून घेतला की खालचे पाणी ओढ्यात. ते तपासायचे यंत्र बिघडले, तेव्हापासून काकांचे नाक हेच यंत्र. बादलीभर पाणी हुंगून ते "वास नाही" म्हणाले की झडपेचे चाक फिरवायचे, पाणी सुटायचे. आणि त्याच ओढ्याच्या काठी त्यांची विहीर होती.

दुपारी डबा उघडल्यावर त्यांनी कांदा बुक्कीने फोडला आणि नाकाशी नेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. वास आला नाही. दुसरी फोड चुरडली. नाहीच.

कधीपासून? गेले दोन महिने हौद किती स्वच्छ चाललाय म्हणून त्यांनी चारचौघांत मिशीला पीळ दिला होता. दोन महिने, रोज एकदा, ते चाक. तसेच उठून ते हौदाकडे गेले.

साहेब तिथेच उभे होते. "हौद काठोकाठ आलाय, काका. काय म्हणता?"

"वास नाही."

"मग सोडा की." साहेब वळलेसुद्धा.

"साहेब." काकांनी चाक दोन्ही हातांनी धरले होते. "मला वास येत नाही. कांद्याचाही येत नाही."

साहेब परत येऊन स्वतः हौदाकाठच्या बादलीवर वाकले, आणि झटकन मागे होऊन त्यांनी नाकाला रुमाल लावला.

चाक बंदच होते. तरी काकांनी ते आणखी आवळले, तसूभरही हलेना तोवर. मग घरी फोन लावला.

"ते पाणी सुनेला देऊ नकोस. कुणालाच देऊ नकोस."

"आला ना शेवटी वास?" बायको म्हणाली.

"नाही," काका म्हणाले, आणि कांद्याच्याच हाताने त्यांनी डोळे पुसले.