पेन्सिलखालचे ठिपके

घरात तिला खुसपट म्हणत. लहानपणी बापाने आणलेल्या फुग्यातही ती आधी भोक शोधायची, म्हणून बापानेच हे नाव ठेवलं, आणि चाळिशी जवळ आली तरी ते चिकटूनच राहिलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. ज्या धंद्यात गिऱ्हाईक "आधी एक नमुना दाखवा" म्हणत फुकटात काम उपटतं आणि मग फोनच उचलत नाही, त्या धंद्यात भोळं राहून कुणाचं भलं झालंय?

धंदा बापलेकीचा होता. फोटो समोर ठेवून बाबा जाड कागदावर पेन्सिलीने चेहरा काढायचे. ती तो कागद स्कॅन करून संगणकात घ्यायची, कागदाचा मळकट रंग घालवून तो पांढराशुभ्र करायची, पेन्सिलीची रेघ वरच्या थरात ठेवायची आणि खालच्या थरात रंग भरायची. त्यामुळे रंगातूनही बापाची रेघ दिसत राही. पैसे ती चेहऱ्यामागे मोजून घ्यायची. मांडीवरच्या मुलाचाही पूर्ण. "लहान आहे हो ते," असं कुणी म्हटलं की ती म्हणे, "नाकडोळे तेवढेच असतात."

चष्म्याच्या दुकानाचा मालक आला तो घरचा फोटो घेऊन. त्यात तो, बायको, वडील आणि वडिलांच्या मागे आई.

"आई अर्धीच दिसतेय," चष्मेवाला म्हणाला. "अर्ध्या चेहऱ्याला अर्धा दर लावा."

"उरलेली अर्धी आम्हालाच शोधायची आहे. जास्त मागत नाही हे नशीब समजा."

तो हसला आणि एकदम कबूल झाला. इथेच खुसपटच्या मनात पाल चुकचुकली. घासाघीस सुरू करून मध्येच सोडणारा माणूस पुढे काहीतरी मागतोच.

"फक्त पेन्सिलीचं मूळ चित्रही द्यायचं," तो म्हणाला. "दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी लावणार. खाली तुमच्या वडिलांची सही पाहिजे. हाताने काढलेलं आहे म्हणून हा दर देतोय, नाहीतर यंत्रं काय आमच्याकडेही आहेत."

मूळ चित्र आजवर कुणी मागितलं नव्हतं. ती सगळी कपाटात पडून असायची. मागणं अगदी रास्त होतं. ती हो म्हणाली आणि खुशीत बाबांना सांगायला गेली. बाबांचा घास तोंडातच थांबला.

"मूळ कशाला हवंय त्याला?"

"भिंतीवर लावायला."

"मूळ आपण देत नाही म्हणावं."

"कधीपासून?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायलाच हवं का," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले. ताटात भाजी तशीच होती.

आता चष्मेवाला बाजूलाच राहिला. तिचा संशय घरात शिरला, आणि घरातला संशय म्हणजे दातात अडकलेला धागा, जीभ सारखी तिथेच जाते. बाबा हल्ली दार लावून काढायला बसतात ते का? वहिनी चहा घेऊन आत जाते आणि चहा गार होऊन जाईल इतका वेळ आतच राहते ती का? भाऊ कामानिमित्त परगावी, त्यामुळे वहिनीला वेळच वेळ. तिचा हात बरा आहे, भाचीच्या शाळेची चित्रं तीच काढून देते. म्हणजे चेहरे वहिनी काढते, सही म्हातारा ठोकतो, आणि मी वेडी रंग भरत बसते. उद्या हीच बया वाटा मागायला उभी राहील. खुसपटने मनातल्या मनात भांडण पार वाटणीपर्यंत नेऊन ठेवलं.

चष्मेवाल्याचं चित्र तयार झालं तेव्हा चेहरे सुरेख उतरले होते. वडिलांमागची आईसुद्धा. तिला तेही खटकलं. तिने कागद स्कॅन केला, पण रोजच्यासारखा पांढरा करण्याऐवजी उलटं केलं, चित्र गडद करत नेलं. रेघेचा दाब वहिनीचा आहे की बाबांचा, तेवढंच बघायचं होतं.

चित्रातला गाल काळवंडला, आणि रेघेखालून ठिपके वर आले. बारीक, राखाडी, ओळीने, कवायतीला उभे केल्यासारखे. पेन्सिलीची पूड कागदावर कुठेही सांडते, ती रांग लावून बसत नाही. रांग प्रिंटर लावतो. आणि घरात प्रिंटर एकच होता, तिच्याच खोलीत. रोज कागद पांढरा करण्याच्या नादात ती हे ठिपके स्वतःच्याच हाताने पुसत आली होती.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. "वहिनी, चेहरे तू काढतेस?"

वहिनीने कणकेतून हात काढला नाही. "मला तुमच्या भाचीचा हत्ती काढता येतो, वन्सं. तोही मास्तरीणबाई ओळखत नाहीत."

"मग माझा प्रिंटर कोण वापरतं?"

"मी. तुम्ही बाहेर गेलात की. फोटो फिकट करून जाड कागदावर छापून देते, चेहरा अर्धा असला तर तोच उलटा करून जोडते, बाबा त्यावरून गिरवतात." वहिनीने कणीक उलटी करून आपटली. "आणि माझ्याकडे असं बघू नका. त्यांच्या हाताला कंप आहे. कप अर्धाच भरून मागतात, तुमच्या लक्षात आलं नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यातलं कुसळ तेवढं बरोब्बर दिसतं तुम्हाला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगून काय झालं असतं? धंदा बंद. आणि एवढं काय त्याचं? तुमचे रंग तरी कुठे हातचे? बटण दाबलं की गाल लाल."

"मी बटण दाबते, ते गिऱ्हाइकाला सांगून दाबते."

वहिनीने कणकेवर ओलं फडकं टाकलं.

बाबा खोलीत होते. तिने त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. "काढा. चष्मेवाल्याची आई."

"हात माझा आहे, रेघ माझी आहे," बाबा म्हणाले. "खाली थोडा आधार घेतला, तर काय चोरी केली? दर तू चढवलास. चेहऱ्यांमागून चेहरे आणलेस. कधी विचारलंस, बाबा, जमतंय का?"

"नाही विचारलं. काढा."

त्यांनी पेन्सिल उचलली. कपाळ आलं, भुवई आली, मग डोळा घसरून गालावर गेला. त्यांनी खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. कागद विरला आणि फाटला.

"हे विकशील?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग गिरवलेलंही हातचं म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि आडवळण न घेता म्हणाली, "मूळ चित्र देणार नाही. रंगीत देते, दर निम्मा."

चष्मेवाल्याने भुवया वर नेल्या. आधी दर चढा, आता आपणहून निम्मा? असं कुठलाही शहाणा करत नाही. "दुसरं गिऱ्हाईक मिळालं म्हणा ना. माझ्या आईबापांचं चित्र कुणाला हवंय ते तरी सांगा. बरं, वाढवतो थोडे."

"कुणी नाही मिळालं. चित्राखाली छाप आहे."

"हे बहाणे मला सांगू नका, बाई. मी दुकानदार आहे."

खरं बोलून पस्तावायची वेळ यावी ती अशी. तिने पिशवीतून कागद काढला, त्याच्याच टेबलावरचं भिंग उचललं आणि त्याच्याच वडिलांच्या गालावर धरलं. "बघा."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग भिंग सावकाश खाली ठेवलं.

"आणि आजवर ज्यांना विकलीत त्यांचं काय?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "माझ्या मेव्हण्याकडे तुमचं चित्र आहे. पाहुण्यांना बोट लावून रेघ दाखवतो तो."

चष्मेवाल्याने रंगीत चित्र घेतलं, निम्म्या दरात, आणि कागद परत तिच्याकडे सरकवला.

घरी बाबा दारातच उभे होते. "काय म्हणाला?"

"आधीच्यांचं विचारलं." ती संगणकापुढे बसली. "कधीपासून, बाबा?"

"मागच्या हिवाळ्यापासून. पहिल्यांदा बेकरीवाल्याच्या मुलीचा फोटो छापून घेतला. त्याच्या आधीची सगळी माझ्या हातची."

तिने ऐकून घेतलं आणि अगदी पहिल्या वर्षाची, कागद पांढरा करण्याआधीची फाइल उघडली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही."

बाबा बाजूची खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला. "बघ मग. एकही सोडू नकोस."

तिने चित्र गडद करायला घेतलं. एका म्हातारीचा चेहरा काळवंडत गेला, कागदाचे खडबडीत खळगे दिसू लागले, पेन्सिलीची पूड त्यांत वाटेल तशी सांडलेली होती. रांग कुठेच नव्हती. तिने चित्र बंद केलं आणि पुढचं उघडलं.