पाचशेची की हजाराची

चार महिने त्या माणसाने सगळ्यांना नुसतं भंडावून सोडलं होतं. पाचशेची घेऊ की हजाराची? न्हाव्याकडे गेला, तोंडाला साबण फासलेला असताना तेच. दवाखान्यात गेला, डॉक्टरने गुडघा दाबून दुखतंय का म्हणून विचारलं, तर हा म्हणतो, चढावर पाचशेचं इंजिन दम धरेल का हो? डॉक्टर बिचारा हाडांचा. त्याला इंजिनातलं काय कळणार?

तर प्रकरण असं होतं. त्याला सगळे बागवाला म्हणत, कारण डोंगराच्या उतारावर त्याची सफरचंदाची बाग होती. खरं तर दोन बागा. खालची घराला लागून, सपाटीवर, वडिलांच्या हातची. वरची त्याने आणि त्याच्या लेकीने मिळून लावलेली. दोन्हींच्या मध्ये असा चढ की रिकाम्या हाताने जाणारा माणूससुद्धा दोनदा थांबतो. इतकी वर्षं एक जुना ट्रॅक्टर पेट्या वर-खाली करत होता, तो गेल्या हंगामात भंगारात गेला. आता घ्यायची होती ती वेगळीच गाडी. दोन माणसं शेजारी-शेजारी बसतात, मोटारीसारखं स्टिअरिंग, जाडजूड चार टायर, डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि मागे माल टाकायला हौदा. कंपनीच्या कागदावर तिचं नाव हातभर लांब होतं. बागवाल्याचा दोस्त मिस्त्री तिला सरळ डोंगरगाडी म्हणायचा. ती दोन इंजिनांत मिळत होती, पाचशे सीसीत आणि हजार सीसीत.

मिस्त्रीचं मत पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. एकटा जीव, त्यात गुडघे असे, पाचशेची घे आणि गप्प बस. झाडांच्या ओळीतून सहज वळेल, पेट्रोल कमी पिईल, खालच्या बागेला भरपूर झाली. वरच्या बागेचा नाद सोड. यावर बागवाला असली एकेक कारणं काढायचा की मिस्त्रीने शेवटी हात टेकले. बर्फ पडलं तर? जास्त पडत नाही, मिस्त्री म्हणायचा. झाड आडवं पडलं आणि ओढावं लागलं तर? गेल्या वीस वर्षांत पडलंय का एक तरी? पडेल की, बागवाला म्हणायचा, आणि ते झाड कधी एकदा पडतंय असं त्याचं तोंड व्हायचं.

खोटं कशाला बोला, त्याला इंजिनाशी काही देणंघेणं नव्हतं. हजाराची घ्यायची म्हणजे वरची बाग ठेवायची. वरची बाग ठेवायची म्हणजे ती करणारं कुणीतरी हवं. आणि ते कुणीतरी म्हणजे त्याची लेक. ती परत येणार असेल तर हजाराची. नसेल तर पाचशेची, आणि खालच्या सपाटीवर मरेपर्यंत घरघर करत फिरायचं. चार महिने तो जगाला विचारत होता ते एवढंच, की माझी पोर येईल का?

मग लेकीलाच सरळ का विचारलं नाही? अहो, त्या घरात सरळ कुणी काही विचारलंय का कधी! पिढीजात खोड ती. जे मनात असेल ते सोडून बाकी सगळ्यावर बोलायचं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला आपल्या आजाराचं कळलं, तेव्हा तिने नवऱ्याला काय सांगावं? म्हणाली, यंदा मला नवीन चपला आणू नका. बास. त्यावरून त्याने ओळखायचं. आणि ओळखलंही त्याने, दुकानातून एकच जोड घेऊन परत येताना, अर्ध्या वाटेत.

लेक मोठ्या शहरात गाड्यांच्या वर्कशॉपची मुख्य होती. लहानपणापासून हातात पाना. वीस माणसं तिच्या हाताखाली, जावयाचं चष्म्यांचं दुकान, सगळं छान चाललेलं. आई गेली तेव्हा ती म्हणाली होती, थोडं स्थिरस्थावर होऊ दे बाबा, मग बघू. त्या ‘बघू’वर हा माणूस सहा वर्षं जगला.

तर त्याने लेकीला दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, तुझं काय मत? मनातला सगळा जीव त्या तीन शब्दांत घातला आणि वर पुन्हा लिहिलं, घाई नाही.

लेकीने प्रश्न एकदम मनावर घेतला. चढ किती आहे, पेटीचं वजन किती, दिवसाला फेऱ्या किती, सगळं विचारू लागली. बागवाल्याने दोरी आणि पाणसळ घेऊन चढ मोजला, गुडघे चोळत बसला आणि आकडे कळवले. एरवी तिचा फोन पाच मिनिटांत आटपायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते. आता अर्धा-अर्धा तास चालायचा. टायर, ब्रेक, उतारावर गाडी कशी धरून ठेवते, हौद्यात किती माल. फोन ठेवला की बागवाला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसायचा. असल्या चौकशा कोण करतं? ज्याला ती गाडी चालवायची आहे तोच करतो, नाही का?

मग एक दिवस ती म्हणाली, असं फोनवर नाही जमायचं, दोन दिवस सुट्टी काढून येते, जागेवर बघू.

झालं. याचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याने तिच्या खोलीला रंग दिला. दाराच्या बिजागऱ्यांत तेल घातलं. खोली दोघांना आणि पुढेमागे तिघांना पुरेल का म्हणून पावलांनी मोजून पाहिली. मिस्त्रीला म्हणाला, रस्त्याच्या कडेला एक दुकान काढलं तर चष्मे खपतील ना इथे? मिस्त्री म्हणाला, तुझ्यासारखे दोन-चार आंधळे असले तर खपतील.

ती आली. ती आणि तो वरच्या बागेत चढून गेले. अर्ध्या वाटेत तो थांबला, बुटाची नाडी बांधायची म्हणून. पुढे पुन्हा थांबला, तीच नाडी. लेक त्याच्याकडे बघत नुसती उभी राहिली. वर पोचल्यावर तिने झाडं मोजली. फोनवर फोटो काढले, बागेचे, पाण्याच्या टाकीचे, शेडचे, येताना घराचे आणि रस्त्याचेही. बागवाला मागून हे सगळं बघत होता आणि मनात मांडे खात होता. पोरगी सगळं नीट आखून करतेय, आईवर गेलीय.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. शेतीच्या यंत्रांचं मोठं दुकान, मागे मोकळी जागा आणि गाड्या चालवून बघायला मातीचा एक उंचवटा केलेला. लेकीने विक्रेत्याला हौद्यात वाळूची पोती भरायला लावली. त्यांच्या पेट्यांच्या वजनाइतकी, एक जास्त नाही, एक कमी नाही. विक्रेता म्हणाला, बाई, इतकं कुणी बघत नाही. ती म्हणाली, मी बघते. बागवाल्याची छाती दोन बोटं फुगली.

पाचशेची त्याने स्वतः चालवली. चढली, पण कण्हत चढली, आणि वर पोचेपर्यंत रबराचा करपट वास आला. एकदा-दोनदा ठीक आहे, लेक म्हणाली, पण रोज असा भार घालून चढवली तर आतला पट्टा जळेल. मग हजाराच्या गाडीच्या स्टिअरिंगवर ती बसली आणि शेजारी तो. गाडी काही झालंच नाही अशी वर गेली. उंचवट्याच्या टोकावर तिने ब्रेक दाबून गाडी धरली. तिचे हात चाकावर, नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ, जशी शाळेत असताना असायची तशी. बागवाल्याला वाटलं, इथून खाली उतरूच नये.

“बाबा, हजाराची घ्या,” लेक म्हणाली.

खाली उतरल्यावर त्याने मिस्त्रीला फोन लावला आणि हजाराची, हजाराची एवढंच तीनदा सांगितलं. विक्रेत्याला चहा आणायला सांगितला, म्हणजे दुकान विक्रेत्याचं, चहा त्याचा आणि हुकूम याचा. विक्रेता हसत अर्ज आणायला आत गेला. आणि मग या माणसाने, जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. मनातलं बोलायला लागला. खोलीला रंग दिलाय. रस्त्यालगतचा तुकडा जावयाला दुकानासाठी देऊ. वर अजून दोन ओळी लावू, आता गाडी आहेच. तुम्ही कधी येताय तेवढं सांग, म्हणजे मी...

लेकीचा चेहरा उतरत गेला तसा तोही हळूहळू थांबला.

“बाबा, मी हजाराची म्हटलं ते गाडीसकट बाग विकायला बरं पडेल म्हणून,” ती म्हणाली. “वर चढणारी गाडी असली की वरच्या बागेला गिऱ्हाईक मिळतं. नाहीतर ती कुणी घेणार नाही.”

“बाग कोण विकतंय?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने जे सांगितलं ते भराभर सांगितलं, मध्ये थांबले तर पुढे बोलता येणार नाही असं वाटून. तिला वाटलं होतं, चार महिने बाबा तेच विचारतायत. गुडघे साथ देत नाहीत, एकटं करवत नाही, अजून किती वर्षं ओढू, का सोडून तुझ्याकडे येऊ. सरळ म्हणायला लाजतात म्हणून इंजिनाचं निमित्त. ते फोटो तिने कुणी घेणारं भेटलं तर दाखवायला काढले होते. तिच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली होती, ती तिने भाड्याने घेऊनही टाकली होती. जिना नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला होता. जावयानेच भिंतीत खिळे ठोकले होते. गेले चार महिने फोन ठेवला की तीसुद्धा स्वयंपाकघरात उभी राहून हसत होती.

काय बोलावं यावर? दोघांनी एकमेकांचं ऐकलं होतं, आणि दोघांनी आपलंच ऐकलं होतं.

“तू यायची नाहीस,” बागवाला म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

“नाही बाबा. माझं सगळं तिकडे आहे.”

“कधीच?”

“नाही.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने मनगटाने पुसलं, बोटांना तेल होतं म्हणून. “आणि तुम्ही?”

त्याला हो म्हणायचं होतं. देवाशपथ म्हणायचं होतं. तळमजल्यावरची ती खोली, तो दांडा, सकाळी कामावर जाताना दारात डोकावणारी लेक, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्या खोलीत सकाळी उठून तो करणार काय? खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजणार? त्याला तिथे आपण दिसेचनात. दांडा दिसला, पलंग दिसला, माणूस दिसेना.

“नाही गं,” तो म्हणाला.

विक्रेता अर्ज घेऊन आला. चहा आला. कुणाला काही कळलं नाही. विक्रेत्याने टेबलावर अर्ज पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, तर मग हजाराची.

“पाचशेची,” बागवाला म्हणाला.

विक्रेत्याने लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, बाबा, ती भार घेऊन वर चढणार नाही. तुम्ही बघितलंत ना आत्ता. तो म्हणाला, वर न्यायचीच नाही. तिने ओठ दाबून धरले. मग विक्रेत्यापुढचा अर्ज ओढून घेतला आणि खाली बसून स्वतः भरला, रकाना न् रकाना. जादा दिवे हवेत, आरसा हवा, काचेवर वायपर हवा, सगळ्यावर खुणा केल्या. वीस माणसांना धारेवर धरणारी बाई, पण त्या दिवशी तिचं अक्षर कुणाला लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली. जाताना तिने त्याला मिठी मारली, जी त्या घरात कुणी कुणाला मारत नसे, आणि दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते कळलं नाही.

तीन आठवड्यांनी डोंगरगाडी आली. मिस्त्रीने भोवती फिरून पाहिली. मी म्हणतच होतो पाचशेची घे, म्हणाला, आणि बागवाल्याच्या तोंडाकडे बघून टायर दाबून बघायला लागला. गाडी सपाटीवर छान चालत होती. खालच्या बागेच्या ओळींतून अलगद वळायची. बागवाला रोज एक फेरी मारायचा, मग दुसरी मारायचा, आणि मग ती घरापुढे लावून तिच्यातच बसून राहायचा.

वरच्या बागेचं फाटक त्याने तारेने बांधून टाकलं. झाडांना काय, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी वर फळ असं लागलं की खालून बघतानासुद्धा फांद्या वाकलेल्या दिसत. भाड्याने माणसं लावून उतरवून घे, मिस्त्री म्हणाला. बागवाला म्हणाला, बघू.

रविवारी लेकीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. गाडी कशी चालतेय? छान चालतेय, तो म्हणाला. पट्ट्याचा वास येतो का? नाही येत, सपाटीवरच असते ना. इंजिनाचं ठरून गेलं होतं, आता बोलायचं कशावर?

“वर यंदा फळ फार आलंय,” बागवाला म्हणाला.

“हो का? बरं झालं,” लेक म्हणाली. ते खाली कसं आणणार, हे तिने विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. ठेवते मग, ती म्हणाली. तो म्हणाला, ठेव.