पाच मिनिटं सोडलेलं पाणी

मेंदूच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान असतील. त्यांनी पडद्यावर आईच्या मेंदूचं चित्र लावलं, मधोमध दिसणाऱ्या दोन पांढुरक्या डागांवर पेनाचं टोपण टेकवलं आणि विचारलं, "या कधी वेल्डिंगच्या कारखान्यात कामाला होत्या का?"

"आई शिवणकाम करायची," मी म्हटलं. "चाळीस वर्षं, घरीच."

"बॅटऱ्यांचा कारखाना? जवळपास एखादी खाण?"

"नाही."

"मग पाणी कुठलं पितात?"

माझा राग तसा नाकावरच असतो, त्या दिवशी तो आणखी वर चढला. शहराचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेची मी प्रमुख. बावीस वर्षं या शहरातल्या नळांचे अहवाल माझ्या सहीने निघतात, आणि ही कालची पोर मला विचारते, पाणी कुठलं! "नळाचं," मी म्हटलं. "ते मी तपासते."

बाईंनी शांतपणे मान हलवली. आईचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. चालताना पावलं जमिनीला चिकटल्यासारखी व्हायची, आणि वळायचं म्हटलं की ती भिंतीचा आधार शोधायची. कंपवाताच्या गोळ्या सहा महिने दिल्या, काडीचा फरक पडला नाही. यकृत बिघडलं की असे डाग येतात, पण तेही ठणठणीत होतं. बाईंना संशय होता मँगनीजचा. हा धातू शरीराला चिमूटभर लागतो. जास्त झाला की मेंदूत जाऊन बसतो, आणि बसतो तो नेमका त्या पांढऱ्या डागांच्या जागी. आईच्या रक्तात लोह कमी होतं, आणि लोह कमी असलं की आतडी मँगनीज अधाशासारखं ओढून घेतात, असंही त्या म्हणाल्या.

"लोहाच्या गोळ्या सुरू करते. पण हे खरंच मँगनीज असेल, तर आधी ते जिथून येतंय ते बंद व्हायला हवं. नाहीतर मी औषधं बदलत बसेन आणि या बिघडत जातील. सध्या चालतायत तरी. वर्षभराने चालतील याची खात्री मी देणार नाही."

आई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मुलगी हुशार आहे. तुला आवडली नाही म्हणजे नक्कीच हुशार असणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी आमच्या घड्याळमामांना घेऊन आईच्या घरी पोचले. आई एकटी राहते, आमच्या घरी ये म्हटलं तर तिला माझ्या स्वयंपाकघरात गुदमरतं म्हणे. तिचं घर गल्लीच्या अगदी शेवटी, जिथे पाण्याची मोठी नळवाहिनी संपते तिथे. घड्याळमामा हे आमचे नमुने गोळा करणारे. नळ पूर्ण सोडायचा, पाच मिनिटं पाणी वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची, हा नियम. मामा मनगटाकडे बघत उभे राहतात आणि चार मिनिटं पन्नास सेकंदांना कुणी घाई केली तर डोळे वटारतात. हा नियम मीच लिहिलेला. घरातल्या जुन्या पाइपांचा दोष शहराच्या पाण्यावर येऊ नये म्हणून. नव्या पोरांना तो मी तोंडपाठ करायला लावते.

मापन आलं नऊ. लिटरला नऊ मायक्रोग्रॅम मँगनीज, आणि आमची मर्यादा ऐंशी. मी संध्याकाळी आईला फोन केला. आवाजात विजय होता, तो मी लपवला नाही.

"तुझं पाणी स्वच्छ आहे. डॉक्टरीणबाईंना दुसरं काहीतरी शोधू दे."

आई म्हणाली, "ठमे, तुमचा तो माणूस केवढं पाणी वाया घालवत होता गं. मी नाही बाई तसं करत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पहाटे उठते, नळ सोडते, पहिली धार येते ती हंड्यात. दिवसभर तेच पिते, त्याचाच चहा, त्याचंच वरण. चांगलं पाणी मोरीत सोडायचं? कुणी शिकवलं तुम्हाला?"

मी प्रयोगशाळेतली बाई, मोजल्याशिवाय काही मानत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मीच बाटली घेऊन आईच्या मोरीत उभी राहिले आणि पहिली धार भरून घेतली. डोळ्यांना पाणी नितळच दिसत होतं. आई म्हणाली, "हं, आता कसं शहाण्या माणसासारखं भरलंस."

मापन आलं चौदा.

मी खुर्चीत मागे रेलले. चौदा म्हणजे काहीच नाही. सुटलो, असं वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, कारण मी सुटले होते, आई नव्हती. तिचा हात अजून थरथरतच होता आणि कारण पुन्हा कुठेतरी अंधारात गेलं होतं.

तेवढ्यात टेबलं आवरणाऱ्या आमच्या मदतनीस बाई कचऱ्याची बादली उचलायला आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आज चहा गाळलात का यातून?"

बादलीत सगळ्यात वर एक गाळणीचा कागद पडला होता, रुपयाएवढा गोल. कोरा असताना तो पांढराशुभ्र असतो. हा तपकिरी-काळा झाला होता.

धातू मोजायच्या आमच्या यंत्राची नळी केसासारखी बारीक. तिच्यात कण अडकू नयेत म्हणून प्रत्येक नमुना आधी गाळायचा, ही आमची रीत. इतकी अंगवळणी पडलेली, की त्या दिवशी मी आईच्या नळाचं पाणी स्वतःच्या हाताने गाळलं आणि मला ते जाणवलंसुद्धा नाही. जे शोधायचं होतं ते मी कागदावर अडवलं, कागद बादलीत टाकला आणि उरलेल्या स्वच्छ पाण्याला प्रमाणपत्र दिलं.

मी कागद बादलीतून उचलून टेबलावर ठेवला. माणसं पाणी यंत्रासाठी पीत नाहीत, एवढी साधी गोष्ट. ती बावीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती.

पहाटेची बाटली अर्धी शिल्लक होती. ती हलवली, न गाळता आम्ल घालून तापवली, सगळे कण विरघळवले आणि मग यंत्राला दिली. सहाशे दहा. यंत्र बिघडलं असेल म्हणून शुद्ध पाणी लावलं, ते शून्याला टेकलं. पुन्हा आईचं पाणी. सहाशे चार. तिसऱ्यांदा लावायचं काही कारण नव्हतं, तरी लावलं.

उलगडा अवघड नव्हता. शुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात मँगनीज नावापुरतंच असतं. वाहिनीत ते वर्षानुवर्षं थराथराने साचतं, आणि सगळ्यात जास्त साचतं जिथे वाहिनी संपते तिथे. रात्रभर पाणी थांबून राहतं. पहाटे पहिला नळ उघडला की धक्क्याने थर सुटतो आणि बारीक भुकटी होऊन पहिल्या हंड्यात उतरतो. पाच मिनिटांनी सगळं वाहून गेलेलं असतं. दहा वाजता घड्याळमामा येतात, तेव्हा पाणी आदर्श असतं.

त्या दुपारी मी बाजारातल्या पाण्याचे दोन मोठे कॅन घेऊन आईकडे गेले. सगळं सांगितलं. सांगताना मी कागदाबद्दल, आम्लाबद्दल, आकड्यांबद्दलच बोलत होते. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणून माझी वाफेची इस्त्री पांढऱ्या कापडावर डाग पाडायची," ती म्हणाली. "तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, इस्त्री गंजली असेल, नवी घे. तिने तीन इस्त्र्या बदलल्या.

"एक विचारू?" आई म्हणाली. "परक्यांच्या नळापाशी तुम्ही पाच मिनिटं पाणी सोडून देता. ते सोडून देण्यासारखं असतं, हे तुला माहीत होतं. होतं ना? मग मला का नाही सांगितलंस?"

नियम नमुन्यासाठी होता. माझ्या डोक्यात नमुना एका कप्प्यात होता आणि आई दुसऱ्या. दोन्ही एकच नळ उघडतात हे मला सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच," आई म्हणाली. तिने मला जवळबिवळ घेतलं नाही. थरथरत्या हाताने कॅनकडे बोट केलं. "हे माझं झालं. शेजारी काय पितायत?"

त्यानंतरचे चार दिवस आम्ही झोपेचं नाव काढलं नाही. पहाटे पाचला घड्याळमामा आणि मी गल्लीतल्या वेगवेगळ्या घरी बाटल्या घेऊन हजर. पहिली धार भरताना मामांचा हात अडखळायचा, डोळे आपोआप मनगटावर जायचे. शेवटी त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. बारा घरांचं पाणी न गाळता मोजलं. नऊ घरांत मर्यादेच्या वर, तीन घरांत पाचशेच्याही वर. डॉक्टरीणबाईंना आकडे पाठवले, तेव्हा त्यांचा लगेच फोन आला. "यावरून हेच कारण असं मी सिद्ध करू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण दुसरं कारण शोधायचं मी आता थांबवते." मला त्या बाई आवडायला लागल्या होत्या.

मग मी पाणीखात्याच्या मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट पुढच्या महिन्यात करायला आवडते.

"नियमाप्रमाणे घेतलेला नमुना नाही, म्हणजे तो नमुनाच नाही," ते म्हणाले. "नियम तर तुमच्याच सहीचा आहे. समिती पुढच्या महिन्यात बसेल, तिच्यापुढे ठेवू."

"समिती बसेपर्यंत लोक उभं राहून पाणी भरतायत, साहेब."

"मग काय करू? पद्धत मान्य असल्याशिवाय 'पाणी पिऊ नका' अशी सूचना काढता येत नाही."

"पद्धत बदलायचा अधिकार कुणाचा आहे?"

अधिकार प्रयोगशाळाप्रमुखाचा होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यासाठी एकपानी अर्ज असतो आणि त्यात 'बदलाचे कारण' असा एक रकाना. मी तो अर्ज सोबतच नेला होता.

"जरा सांभाळून लिहा," साहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. "'अधिक अचूकतेसाठी' असं लिहा. नाहीतर बावीस वर्षांचे सगळे अहवाल लोक उकरून काढतील. तुमचेच अहवाल आहेत बाई. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

खोटं कशाला बोलू, पेन थांबलं. 'अधिक अचूकतेसाठी' हे शब्द किती गुळगुळीत होते! कुणाच्या डोळ्यांत खुपले नसते. सूचनाही निघाली असती. पण मग फक्त उद्याचं पाणी बदललं असतं. कालचं पाणी प्यायलेल्यांना कुणी डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं नसतं, कारण काल तर सगळं ठीकच होतं, माझ्या सहीने.

मी लिहिलं, 'आजवरच्या पद्धतीत दूषित पाणी आधी सोडून दिले जात होते व उरलेले कण गाळून टाकले जात होते. त्यामुळे नागरिक प्रत्यक्षात पितात ते पाणी तपासले गेले नाही. मागील सर्व अहवाल या दृष्टीने अविश्वासार्ह समजावेत. ही चूक पद्धत लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी आहे.' आणि सही केली.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे असंच जाऊ द्यायचं?"

"असंच."

सूचना दुपारी छापून आली. भिंतीवर चिकटवली तर लोक वाचतील यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून संध्याकाळी मी स्वतः दारोदार निघाले. आई हटूनच बसली, मीही येणार. म्हटलं, अगं, तुला चालवत नाही. म्हणाली, "चालवत नाही म्हणूनच येते. तुझ्या तोंडच्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? माझा हात बघतील."

आम्ही मायलेकी मुंगीच्या पावलांनी निघालो. प्रत्येक दारी मी कागद द्यायचे आणि सांगायचे, पहाटेचं पहिलं पाणी पिऊ नका, आमचं तपासायचं चुकलं. काहींनी ऐकून घेतलं. एका बाईने तोंडावर सुनावलं, "इतकी वर्षं झोपला होतात का?" मी हो म्हटलं. तिला याची अपेक्षा नव्हती, ती कागद घेऊन आत गेली. आई दर दोन घरांनी कठड्यावर बसायची, दम खायची आणि मी हात द्यायच्या आत उठायची.

सातव्या घराची कडी वाजवली. कितीतरी वेळ आतून कडी काढायचा प्रयत्न चालू होता, ती निसटत होती, पुन्हा धरली जात होती. शेवटी दार उघडलं. एक वयस्कर गृहस्थ उभे होते, दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं मात्र एक घर चुकून लावलेली. त्यांनी कागद घ्यायला हात पुढे केला आणि कागद त्यांच्या बोटांत फडफडायला लागला. वारा नव्हता.

आईने त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःचा हात, जो ती चारचौघांत नेहमी पदराखाली दडवते, बाहेर काढून त्यांच्यासमोर धरला.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय."

"पाणी कधी भरता?"

"पहाटे. सगळ्यांच्या आधी."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही. पिशवीतून वही काढली आणि त्यांना म्हटलं, "काका, आत येऊ का? तुमचं सगळं मला पहिल्यापासून लिहून घ्यायचंय."