हार्लन बिटनरची हिरवळ आणि पंचक्रोशीतले भुंगेरे

आमच्या विलो बेंड कॉलनीत माणसाच्या डोक्यावर किती केस असावेत याचा नियम नाही, पण अंगणातलं गवत किती उंच असावं याचा आहे. तो हार्लन बिटनरनं केला. विमा कंपनीतून हार्लन निवृत्त झाला तेव्हा अख्ख्या ओहायो राज्यात त्याच्या लायकीचं एकही पद रिकामं नव्हतं. म्हणून तो कॉलनीच्या हिरवळ समितीचा अध्यक्ष झाला. त्याच्या विरोधात कुणीच उभं राहिलं नाही. आम्हा बाकीच्यांना घरदार, पोरंबाळं, रविवारचं बेसबॉल असल्या फालतू गोष्टी होत्या.

हार्लनची स्वतःची हिरवळ म्हणजे बिलियर्डचं टेबल. वस्तरा फिरवल्यासारखी कापलेली, रोज संध्याकाळी हलक्या हातानं शिंपडलेली. एप्रिलमध्ये तणनाशक, मे महिन्यात कीटकनाशक, जूनमध्ये बुरशीनाशक. तण, कीड, बुरशी मुळात आहे की नाही हे बघायच्या भानगडीत तो पडत नसे. "दुखणं आल्यावर औषध घेणारे मूर्ख," असं तो म्हणायचा. त्या हिरवळीवर पाय ठेवायची परवानगी कुणालाच नव्हती. त्याची बायको मॉरीन कपडे वाळत घालायला जाताना घराला वळसा घालून जायची.

समोरच्या घरात वर्ना क्लिंगर राहायची. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, एकटी, आवाज अजून बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. तिला गवतातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. वाढलं की कापायचं, कंटाळा आला तर पुढच्या शनिवारी कापायचं. त्यामुळे तिच्या अंगणात गवत घोट्यापर्यंत, मधेमधे क्लोव्हर नावाच्या तिपानी तणाची पांढरी फुलं आणि त्यांवर गुबगुबीत मधमाशा. सकाळची कॉफी घेऊन ती पायरीवर बसायची आणि त्या माशा बघायची. तेवढीच तिची बागायती.

"वर्ना, तुझ्या क्लोव्हरला फुलं आलीयत," हार्लन रस्त्यापलीकडून ओरडायचा.

"बघितली. छान आलीयत ना?"

"अगं, मी तक्रार करतोय!"

"हो का? चेहऱ्यावरून कळत नाही रे तुझ्या. तो बारा महिने तसाच असतो."

मग समितीची नोटीस यायची, आणि वर्ना ती कॉफीच्या कपाखाली ठेवायची.

त्या वर्षी जुलैत जपानी भुंगेरे आले. तसे ते दरवर्षीच येतात, हिरव्या-तांबूस चकाकत्या पाठीचे. गुलाबाच्या पानांची जाळी करतात, जमिनीत अंडी घालतात, अंड्यांतून निघालेली हुमणी गवताची मुळं खाते. हार्लन दुकानातून सहा पिवळे कामगंध सापळे घेऊन आला आणि त्याने ते आपल्या हिरवळीभोवती टांगले. वर मादीच्या वासाची गोळी, खाली पिशवी. दोन दिवसांत पिशव्या गच्च भरल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला तो त्या उचलून बघायला लावायचा. शेतकरी भोपळा दाखवतो तसा.

"बघ, बघ वजन! सापळे नसते तर काय झालं असतं, विचार कर."

"गेल्या वर्षी एवढे नव्हते रे," मॉरीन म्हणाली.

"असणारच! पण गेल्या वर्षी सापळे नव्हते, मग कळणार कसं?"

एवढं भक्कम तर्कशास्त्र विमा कंपनीतच शिकवतात. मॉरीन आत निघून गेली.

आता इतके भुंगेरे येतात कुठून, हा प्रश्न समितीपुढे आला आणि अध्यक्षांनीच उत्तर दिलं: वर्नाच्या जंगलातून. कॉलनीच्या नियमात एक कलम होतं की धोकादायक अंगणाचा बंदोबस्त समिती स्वतः करू शकते. आजवर ते कुणी वाचलं नव्हतं. वर्ना आठवडाभर बहिणीकडे एरीला गेली होती. तेवढ्यात फवारणीची गाडी आली, अर्ध्या तासात काम उरकलं आणि गवतात छोटे पिवळे झेंडे खोचून निघून गेली. झेंड्यांवर लिहिलं होतं: गवतावर चालू नका.

वर्ना परत आली, तिनं झेंडे बघितले आणि बॅग हातात तशीच धरून उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता बसच्या शेवटच्या बाकापर्यंतचा तो आवाज निघणार. ती बॅग घेऊन सरळ घरात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात ओणवी होऊन काहीतरी वेचत होती. मग फळं भरलेला गोड 'पाय' भाजतात तसली काचेची बशी घेऊन, वर चौकटीचा रुमाल झाकून, ती हार्लनच्या दारात गेली.

मॉरीननं दार उघडलं. "अगं बाई, पीच पाय? कशाला गं एवढा त्रास..."

वर्नानं रुमाल उचलला. बशीत मेलेल्या मधमाशा होत्या. तळ झाकला जाईल एवढ्या.

"हार्लनला दे," वर्ना म्हणाली. "हा त्याचा बंदोबस्त."

मॉरीननं ती बशी जेवणाच्या टेबलावर हार्लनच्या जागेसमोर ठेवली आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. हार्लन म्हणाला की मोठ्या कामात थोडंफार नुकसान व्हायचंच. पण बशी त्यानं स्वतः उचलून नेली, आणि त्यानंतर चार दिवस तो रस्त्यापलीकडे बघत नव्हता.

वर्नानं विद्यापीठाच्या कृषी सल्ला केंद्राला फोन लावला. माझं अंगण धोकादायक आहे का, एकदा येऊन सांगा. आणि समोरचंही बघा. हार्लनला हे कळल्यावर तो उलट खूश झाला. "येऊ दे की! विज्ञान माझ्याच बाजूचं आहे."

विज्ञानाचं नाव होतं डॉक्टर थिया लिंडक्विस्ट. त्या फोनवर म्हणाल्या, आत्ता काही दिसणार नाही, अळ्या मोठ्या होऊ द्या, मी सप्टेंबरात येते.

तोवर बिलियर्डच्या टेबलावर तपकिरी डाग पडू लागले. हार्लननं पाणी वाढवलं. डाग वाढले. त्यानं खत टाकलं. डाग आणखी वाढले. मग एके दिवशी पहाटे एक स्कंक आला, चिडला की घाण वासाची पिचकारी मारणारा, पाठीवर पांढरा पट्टा, शेपूट वर, आणि त्यानं नाकानं हिरवळ उकरून अळ्या खायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी तो सहकुटुंब आला. हार्लन खिडकीतून काच बडवत होता; बाहेर जाऊन स्कंकला हाकलायची हिंमत विमा कंपनीतल्या माणसाला होणं शक्यच नव्हतं.

मॉरीन कॉफी ढवळत म्हणाली, "चला, निदान कुणीतरी आपल्या लॉनवर चालतंय."

डॉक्टर यायच्या आदल्या दिवशी हार्लननं खड्डे बुजवले आणि हिरवा रंग आणला. हो, गवताला लावायचा हिरवा रंग आमच्याकडे मिळतो. पाठीवर पंप अडकवून तो दिवसभर हिरवळ रंगवत होता. लांबून बघितलं तर झकास दिसत होतं. इतकं हिरवं गवत देवानंही कधी केलं नसेल.

तपासणीच्या दिवशी अर्धी कॉलनी खुर्च्या आणि लेमोनेड घेऊन हजर. डॉक्टर थिया उंच, उन्हानं रापलेल्या, गुडघ्यांवर मातीचे कायमचे डाग पडलेली पँट घातलेल्या बाई. आधी त्या वर्नाकडे गेल्या. फावड्यानं गवताचा चौकोन कापून उलटायला त्यांना चांगलाच जोर लावावा लागला. खाली लांबलचक मुळं आणि त्यांत तीन-चार पांढऱ्या, वेटोळं करून पडलेल्या अळ्या.

"आहेत! हुमणी आहे!" हार्लन ओरडला.

"असू दे की," डॉक्टर म्हणाल्या. "उंच ठेवलेल्या गवताची मुळं खोल जातात. एवढ्या अळ्या त्याला जाणवतसुद्धा नाहीत. इथं काहीच करायची गरज नाही."

"फवारणी केली म्हणून कमी आहेत!"

"काय फवारलं होतं?"

हार्लननं छाती काढून नाव सांगितलं. डॉक्टरांनी एक क्षण डोळे मिटले. "ते हुमणीपर्यंत पोचतच नाही, गवताच्या वरच्या थरात अडकतं. फुलांवरच्या माशा मात्र मारतं. आणि भुंगेऱ्यांची अंडी खाणाऱ्या मुंग्याही."

वर्ना मागे वळली. पायरीवर जाऊन बसली.

मग सगळी वरात खुर्च्यांसकट रस्ता ओलांडून हार्लनकडे. डॉक्टर वाकल्या. त्यांनी फावडं बाजूला ठेवलं, गवताची कड नुसत्या हातानं धरली आणि उचलली. सतरंजी गुंडाळावी तशी हिरवळ गुंडाळली गेली. खाली मूळ म्हणून नव्हतं. नुसती वळवळ. खुर्चीवरच्या दोघीतिघींनी लेमोनेड खाली ठेवलं.

डॉक्टरांनी आपला तळहात बघितला. तो हिरवागार झाला होता. "हे काय?"

"रंग," मॉरीन म्हणाली. "काल दिवसभर मारत होता."

हसू आवरायचा कुणी फारसा प्रयत्न केला नाही. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. त्यांची नजर पिवळ्या सापळ्यांवर गेली होती. "हे कुणी लावले?"

"मी!" हार्लनला जरा धीर आला. "सहा! पिशव्याच्या पिशव्या भरल्या."

"भरणारच. हा वास फार लांबवर जातो, मिस्टर बिटनर. जेवढे सापळ्यात पडतात, त्याहून जास्त नुसते आसपास येऊन थांबतात. तुम्ही आजूबाजूच्या सगळ्या कॉलन्यांतले भुंगेरे स्वतःच्या अंगणात बोलावलेत. आणि त्यांना अंडी घालायला काय लागतं? आखूड गवत आणि ओली, मऊ माती."

"म्हणजे मी..."

"प्रसूतिगृह चालवत होतात. उत्तम सोयीचं."

त्या पुढे बराच वेळ समजावत राहिल्या. आधी गुडघे टेकून बघायचं, कीड ओळखायची, मोजायची; नुकसान खरंच होणार असेल तरच हात लावायचा. गवतालाच धडधाकट ठेवायचं, विष सगळ्यात शेवटी, तेही योग्य वेळी, गरजेपुरतं. याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. हार्लन ऐकत होता, पण त्याची नजर गुंडाळलेल्या हिरवळीवरून हलत नव्हती. माणसं हळूहळू खुर्च्या उचलून गेली. मॉरीन त्याच्याजवळ गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गवतावर, म्हणजे उरलेल्या गवतावर, त्याच्या शेजारी बसली.

दोन दिवसांनी हार्लन वर्नाच्या पायरीशी जाऊन उभा राहिला. मी शेजारीच आमच्या गॅरेजमध्ये होतो आणि कान माझे चांगले आहेत.

"ते माशांचं..." तो म्हणाला. "ते वाईट झालं. मी केलं ते."

वर्नानं त्याला तसंच उभं ठेवलं. मग विचारलं, "परत येतील का त्या? विचार तुझ्या डॉक्टरबाईंना."

"विचारलं मी. फुलं राहिली तर पुढच्या वर्षी येतील म्हणाल्या."

"मग?"

"राहतील फुलं. तुझ्या गवताला कुणी हात लावणार नाही."

"बूट काढ आणि आत ये," वर्ना म्हणाली. "कॉफी आहे. पीच पाय नाहीये."

हार्लन सुधारला, यात शंका नाही. त्यानं सापळे उतरवले, शरद ऋतूत नवं बी पेरलं, गवत उंच ठेवलं, पंप विकून टाकला. स्वतःच्या हिरवळीत क्लोव्हर पेरलं. मॉरीन आता सरळ वाटेनं कपडे वाळत घालते. आम्हाला वाटलं, सुटलो.

या वसंतात समितीनं नवा नियम काढला: गवत ठरावीक उंचीपेक्षा *आखूड* कापणाऱ्यास नोटीस. अध्यक्ष रोज सकाळी फावडं, भिंग आणि गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घेऊन घरोघर फिरतात. परवा आमच्या अंगणात पाऊण तास ओणवे होते. उठले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"तुझ्याकडे मुंग्या कमी आहेत," हार्लन म्हणाला.

"किती हव्यात?" मी विचारलं.

"ते समिती ठरवेल," तो म्हणाला आणि पुढच्या फाटकाकडे वळला.