साळूचं दूध

"पाय आवर गं! आवर म्हनते ना!"

कस्तुराबाईने साळू घोडीचा कान पिळला, पण तोवर लाथ बसलीच. उंच टांगांचे ते तांबूस शिंगरू धडपडत भिंतीला जाऊन टेकले आणि तिथेच थरथरत उभे राहिले. साळूने कान मागे पाडले, एकदा त्याच्यावर दात काढले आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली.

दाराबाहेर फार्मचे मॅनेजर निंभोरे साहेब होते. त्यांच्या मागे कस्तुराबाईचा मुलगा अजिनाथ दूधपावडरीची बाटली घेऊन उभा होता. घोड्यांना खरारा करणे, फिरवणे, त्यांचे दाणापाणी बघणे ही त्याची इथली नोकरी.

"मावशी, काल तुम्ही म्हणालात उद्या शिंगराला जवळ घेईल. आज काय?" निंभोऱ्यांनी विचारले.

"तिचं ध्यान घरी हाये, साहेब. पोटचं पोर तिकडं ऱ्हायलंय ना."

निंभोऱ्यांनी अजिनाथच्या हातातल्या बाटलीकडे बघितले. त्यांनाही ते कळत होते.

पैठण रस्त्यावरचा हा फार्म म्हणजे शर्यतीच्या घोड्यांचे बाळंतघर. शिंगरे इथे जन्मायची, दाणा खाऊन, कुरणात पळून मोठी व्हायची आणि मग लिलावात विकली जाऊन पुण्या-मुंबईच्या मैदानावर धावायची. इथल्या एकेका घोडीच्या सात पिढ्यांची नावे साहेबांना तोंडपाठ. कस्तुराबाईला आपल्या आजाच्या पलीकडचे कुणी ठाऊक नव्हते आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नव्हते. पण दुष्काळाने खानदान बघितले नाही. सलग दुसऱ्या वर्षी विहिरी आटल्या, लसूणघासाचे वाफे करपले, सात पिढ्यांच्या घोड्या टँकरचे पाणी पिऊ लागल्या. दुसरीकडून शहर येत होते. कुंपणापलीकडे मुरमाचे रस्ते पडले, प्लॉटचे बोर्ड लागले. मुंबईच्या मालकाने अर्ध्या घोड्या काढल्या. फार्म टिकायचा तर या एका शिंगरावर. त्याच्या बापाने मुंबईची मोठी शर्यत मारली होती. आणि नेमकी त्याचीच आई व्याली तशी आत रक्तस्राव होऊन गेली.

शर्यतीच्या घोड्याचे पाय पहिल्या चार-पाच महिन्यांच्या दुधावर घडतात. पावडरीवर ते शिंगरू काही बाळसे धरत नव्हते. अंगावर दूध असलेली ओली घोडी हवी म्हणून शोधाशोध सुरू झाली, तेव्हा अजिनाथच्याच तोंडून निघून गेले, "आमची साळू आत्ताच व्यालीय, साहेब."

साळू म्हणजे मेंढरांमागे फिरताना बिऱ्हाड वाहणारी त्यांची लहानखुरी तट्टाणी. मेंढरे मागल्या वर्षी चाऱ्यापायी विकली. साळू राहिली, कारण घरातले माणूस कोण विकते? पण घरी तिला घालायला कडब्याची काडी उरली नव्हती. फार्मवर तिला ओटचे दाणे मिळणार होते, कोंडा मिळणार होता. अजिनाथची नोकरी टिकणार होती. कस्तुराबाई एकच गोष्ट बोलली होती, "दोघंबी पितील की, साहेब. माझं एका बाजूला, तुमचं एका बाजूला."

"तट्टाणीचं दूध ते केवढं, मावशी? दोघं अर्धपोटी राहतील. कमजोर पायांचं घोडं लिलावात कोण घेईल?"

ते खोटे नव्हते. म्हणूनच तिने साळूचा कासरा अजिनाथच्या हाती दिला.

साळूचे काळे शिंगरू घरी राहिले. कस्तुराबाई त्याला शेळीचे दूध पाजू लागली. पहिल्या दिवशी ते प्याले, अंगणात दोन उड्याही मारल्या. मग त्याला ढाळ लागली. शेळीच ती, पाला न मिळालेली, तिचे दूध ते किती आणि कसले. डाळिंबाची साल उगाळून झाली, सुंठ झाली. फार्मवर रोज येणारा डॉक्टर एकदा येऊन सुई टोचून गेला. आईच्या दुधावाचून अवघड आहे, असे जाताना सांगून गेला. आई कोसभरावर होती, पिळायला कुणाला हात लावू देत नव्हती, आणि तिचे सड दुधाने तटतटून दगड झाले होते.

"सोडून आन तिला," त्या दुपारी ती अजिनाथला म्हणाली. "म्हनावं नाय जमत. आमची घोडी आमाला द्या."

अजिनाथ उंबऱ्यात बसला. "माय, साहेबांनी मालकाला सांगून टाकलंय. शिंगरू गेलं तर फार्म गेला. मंग मी कुठं जाऊ? मेंढरं बी नाय राहिली आपल्याकडं."

"ह्ये मरू राह्यलंय, अजिनाथ."

"मला दिसतंय ना गं!" तो ओरडला, आणि मग तोंड फिरवून बसून राहिला.

तिने हट्ट धरायला हवा होता. उठून, चालत जाऊन, साळूचा कासरा सोडायला हवा होता. ती उठली नाही. लेकाच्या वाकलेल्या पाठीकडे बघत बसली. मांडीवरचे काळे डोके हळूहळू जड होत गेले आणि ऊन उतरायच्या आत ते शिंगरू गेले.

दोघांनाही पुढचे कळत होते. मेंढीचे कोकरू मेले की त्याचे कातडे काढून पोरक्या कोकराच्या अंगावर बांधायचे. मेंढी वास घेते, आपलेच समजून पाजते. कस्तुराबाईने जन्मभर ते केले होते. मेंढरांत ते पुण्याचे काम. एकीचे लेकरू गेलेले असते, एकाची आई गेलेली असते, दोघांची गाठ घालून द्यायची. इथे गाठ घालायला आधी लेकरू मारावे लागले होते.

अजिनाथने सुरा घेतला, पण त्याचा हात चालेना.

"दे इकडं," ती म्हणाली. "तुला नाय जमायचं."

दिवस मावळायच्या आत तबेल्यात तांबूस शिंगराच्या पाठीवर काळे कातडे बांधले गेले. निंभोरे साहेब लांब उभे होते. साळू फुरफुरली. पाय उचलला. मग मान खाली घालून तिने वास घेतला, पुन्हा घेतला, आणि पोटातून तो बारीक, थरथरता आवाज काढला जो घोडी फक्त आपल्या पोराला देते. ती कातडे चाटू लागली. शिंगराने तोंड घातले. दूध घशात उतरल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मावशी, फार्म वाचवलात," निंभोरे गहिवरून म्हणाले.

कस्तुराबाईला त्या घडीला आपल्या हातांची किळस आली.

फार्म वाचला नाही. पाऊस उशिरा का होईना बरा झाला, शिंगरू असे वाढले की बघत राहावे, पण तोवर रस्ता रुंद होणार हे पक्के झाले आणि जमिनीच्या भावापुढे घोडा टिकला नाही. मालकाने फार्म प्लॉटिंगवाल्याला दिला. तांबूस शिंगरू आणि उरलेल्या घोड्या ट्रकमधून पुण्याकडच्या एका फार्मवर गेल्या. त्याच जागेच्या फाटकावर अजिनाथ वॉचमन म्हणून उभा राहिला. साळूचे काम संपले होते, ती घरी आली.

घरी आली, पण खुंट्याला टिकेना. कासरा तोडून पैठण रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि ट्रक गेला त्या दिशेला तोंड करून खिंकाळायची. चाऱ्याला तोंड लावायची नाही. सड पुन्हा तटतटले.

तिसऱ्या दिवशी कस्तुराबाई तिच्या मागे गेली. अजिनाथ फाटकावरून आला.

"माय, आपलं काळं इसरली गं ही."

"इसरली नाय." कस्तुराबाई साळूच्या पोटाखाली बसली. "तिचं काळंच गेलं ट्रकात. म्याच सांगितलं ना तिला तसं, ह्या हातांनी."

अजिनाथने साळूची मान धरली. कस्तुराबाईने कळ कमी व्हावी म्हणून सड हळूच दाबले. दूध रस्त्याच्या मुरमात पडू लागले. साळू हलली नाही. कान ताठ करून ती येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे बघत होती.