सुई निघाल्यावर

यंत्राच्या भीतीवर त्याच्याकडे उपाय होते. पाण्यात क्लोरीनचा अंश राहिला तर रुग्णाच्या रक्तपेशी फुटतात, म्हणून पहिला रुग्ण येण्याआधी तो रोज पाणी तपासत असे. नळीत हवेचा बुडबुडा शिरला तर जिवावर बेतते, म्हणून यंत्राला भोंगा होता. डायलिसिस विभागातला हा तंत्रज्ञ एकेका भीतीचा असा बंदोबस्त करून कामाला लागायचा. आजची भीती मात्र वेगळी होती; ती मोजणारे उपकरण विभागात नव्हते.

खिडकीजवळच्या खुर्चीत ‘फोटोवाले’ पहुडले होते. उभी हयात त्यांनी स्वतःच्या स्टुडिओत लोकांना ‘हनुवटी वर, जरा हसा’ असे सांगण्यात घालवली होती. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून ते आठवड्यातून तीनदा इथे येत. गेल्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सांगितले होते, “आता पुरे.” डॉक्टरांनी समजावून पाहिले, मुलगी रडून थकली, म्हातारा हटला नाही. आजची पाळी शेवटची. यानंतर फार तर पंधरवडा.

आणि तंत्रज्ञाने त्यांना प्रभू येशूविषयी अजून एक शब्दही सांगितला नव्हता.

मोठ्या सिस्टरांची ताकीद होती : “रुग्णांपाशी देवाधर्माच्या गोष्टी नकोत. तक्रार आली तर मी पाठीशी घालणार नाही.” नोकरीची धास्ती होतीच. त्याहून मोठी अडचण त्याने स्वतःला घालून घेतलेल्या नियमाची होती. रुग्णाच्या हातात सुई असेपर्यंत बोलायचे नाही. ज्याचे रक्त आपल्या ताब्यातल्या यंत्रातून फिरते आहे, तो माणूस कशालाही मान डोलावील. त्या होकाराला काय अर्थ? आणि सुई निघाली की जो तो घराकडे पळे.

शिवाय एक भीती होती, जी चर्चच्या पाळकांपुढे कबूल करायचीही त्याला लाज वाटे. शिव्या देणारा एक वेळ परवडला. इथे कोणी शिव्या देत नसे. मागे एका नर्सला त्याने धीर करून काही सांगितले, तेव्हा ती गोड हसली होती. “चर्च ना? छान असतं. शांत.” आणि लगेच चहा आला का, म्हणून विचारायला गेली होती. तशी मऊ, सभ्य भिंत म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर उभी राहिली तर?

“काय रे मेकॅनिक,” फोटोवाले म्हणाले, “मरायचंय मला, आणि तोंड तुझं उतरलंय?”

“काही नाही, काका.”

“काही नाही कसं? सकाळपासून येतोस, घसा खाकरतोस, जातोस. माझा कॅमेरा हवाय का? घेऊन जा बाबा, मला आता कोण पोझ देणार?”

“तसं नाही. जरा बोलायचं होतं. मोकळे झालात की बोलेन.”

“आत्ताच बोल की. बांधलेलाच आहे, पळून कुठं जाणार?”

“म्हणूनच नको.”

“अजब आहेस,” म्हणून म्हाताऱ्याने डोळे मिटले.

वेळ संपली. यंत्रातले रक्त परत देताना तंत्रज्ञ मनात वाक्ये घोळवत होता, आणि नळीचा चिमटा उघडायचाच राहिला. भोंगा किंचाळला. साऱ्या माना वळल्या; टेबलामागून सिस्टरही उठून उभ्या राहिल्या. त्याने झटकन चिमटा उघडला. दाब उतरला.

“आज तुझं चित्त थाऱ्यावर नाही,” फोटोवाले म्हणाले. “पंधरवडा तरी मिळू दे की मला!”

सुया निघाल्या. एरवी रक्त थांबेपर्यंत तो स्वतः कापसाचा बोळा दाबून धरी. आज त्याने म्हाताऱ्याचीच बोटे बोळ्यावर ठेवली. “तुम्हीच दाबून धरा. हवं तेव्हा उठून जा.” आणि तो दोन पावले मागे सरला. घोळवलेली सगळी वाक्ये कुठल्या कुठे गेली होती.

“काका, मी ख्रिस्ती आहे.”

“ठाऊक आहे. रविवारच्या पाळीला तू नसतोस. बरं मग?”

“माझा प्रभू येशू मेला आणि मरणातून उठला. आपल्या पापांचं ओझं त्यानं स्वतःवर घेतलं. हाक मारली तर तो शेवटच्या घटकेलाही ऐकतो. तुम्ही एकट्यानं जाऊ नये, असं मला फार वाटतं.”

“झालं?”

“झालं.”

“छान आहे. ज्याचा त्याचा विश्वास.” म्हाताऱ्याने बुटात पाय सरकवले. दारात मुलगी येऊन थांबली होती. भिंत उभी राहिली होती, अगदी भ्यालो होतो तशी, असे तंत्रज्ञाच्या मनात आले.

दोन पावले टाकून फोटोवाले वळले. “एक सांग. तुला मग मरणाची भीती वाटत नसेल.”

‘नाही’ म्हणणे सोपे होते. साक्ष देणाऱ्याला ते शोभलेही असते. सिस्टर त्यांच्याच दिशेने येत होत्या.

“वाटते, काका. रोज वाटते. आत्ता तुमच्याशी बोलतानाही वाटतेय. भीती वाटते म्हणून तर हाक मारतो त्याला.”

म्हाताऱ्याच्या ओठांवरचे थट्टेखोर हसू हळूहळू मावळले. “डॉक्टर धीट, रडून झाल्यावर पोरगीही माझ्यासमोर धीट, मग मीही धीट,” ते पुटपुटले. “पुरे म्हणालो खरा. पण तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही रे.”

“काय चाललंय इथं?” सिस्टरांनी विचारले. “पुढचा रुग्ण खोळंबलाय.”

“बाबा, चला ना,” मुलगी म्हणाली.

“सिस्टर, यानं मला धरून ठेवलेलं नाही. मीच थांबलोय. तक्रार लिहायचीच तर माझ्याविरुद्ध लिहा.” यंत्राजवळची खुर्ची टाळून फोटोवाले नातेवाइकांच्या बाकावर बसले. दंड अजून दाबून धरलेलाच होता. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? मला त्यातलं काही येत नाही.”

सिस्टर हाताची घडी घालून तिथेच उभ्या राहिल्या. उद्या आपण कामावर असू की नाही, तंत्रज्ञाला सांगता आले नसते. तो बाकावर म्हाताऱ्याशेजारी बसला. भीती तसूभरही हलली नव्हती.

“काका, घशाखाली घास उतरत नाही म्हणालात ना? तेच त्याला सांगा.”